नदीची घळ आणि गव्याचे रान

(गारगोटी येथील प्रौढ वर्गापुढे दिलेले भाषण)



वेदगंगा ही तुमची शेजारीण. तिच्या पाण्यावर तुमचा ऊस उभा आहे. तिच्या डोहात तुमच्या म्हशी डुंबतात. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्याला बरगे घातले, की पाणी कसे फुगत जाते, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. तेव्हा नदीविषयी आम्ही तुम्हाला काय सांगणार?

आम्ही एकच प्रश्न विचारतो. पाऊस जूनमध्ये लागतो आणि सप्टेंबरात आवरतो. मग मार्च-एप्रिलात डोंगरातल्या ओढ्याला पाणी येते कुठून?

"धरणातून," असे तुम्ही म्हणाल. ते नदीपुरते खरे आहे. पाटगावला धरण आहे. तिथून पाणी सुटते आणि तुमच्यापर्यंत येते. पण धरणाच्याही वर, डोंगराच्या कुशीत, एखादा झरा वाहत असतो. तिथे धरण नाही, बंधारा नाही. तरी भर उन्हाळ्यात तो वाहतो. गुराखी त्याच्याच काठावर बसून भाकरी खातो. त्या झऱ्याला पाणी कोण पुरवते?

या प्रश्नाचे उत्तर जवळच आहे. पण ते नीट कळावे म्हणून आधी थोडे लांब जाऊन येऊ. अरबी समुद्राच्या पलीकडे जाऊ.

तिकडे जॉर्डन नावाचा देश आहे. बराचसा मुलूख वाळवंटी. तिथे एक नदी आहे. तिला 'वादी मुजीब' म्हणतात. आपल्याकडे 'वाडी' म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. त्यांच्याकडे 'वादी' म्हणजे नदीची दरी, नाहीतर पावसापुरता वाहणारा ओढा. 'ड' च्या जागी 'द' आला आणि अर्थ पार बदलला. बघा, एका अक्षराची किंमत केवढी!

ही नदी आपल्या सह्याद्रीच्या माथ्याइतक्या उंच डोंगरांतून निघते आणि मृत समुद्राला मिळते. मृत समुद्र म्हणजे खरे तर एक मोठे खारे सरोवर. ते इतके खाली आहे, की आपल्या नेहमीच्या समुद्राच्या पातळीहून ४०० मीटरांहून जास्त खोल भरते. त्या पाण्यात मीठ एवढे, की माणूस बुडत नाही, वर तरंगतो. मासा मात्र जगत नाही.

एवढ्या उंचावरून एवढ्या खाली उतरताना नदीने डोंगर चिरला आहे. दोन्ही बाजूंना तांबूस दगडाचे उभे कडे. मध्ये अरुंद घळ. काही ठिकाणी पायवाटच नाही. माणसाला पाण्यातूनच चालावे लागते. मृत समुद्राच्या काठी वर्षभरात पाऊस पडतो तो १०० मिलिमीटरांहूनही कमी. म्हणजे वीतभरसुद्धा नाही. भोवती सगळा रखरखाट. पण घळीत मात्र झऱ्यांचे पाणी वाहते. पाणी आहे म्हणून झाडे आहेत. झाडे आहेत म्हणून पाखरे आहेत. आणि कड्यांवर आहेत डोंगरी बोकड. त्यांना 'आयबेक्स' असे नाव आहे. त्यांची शिंगे विळ्यासारखी मागे वळलेली असतात. शिकारीमुळे हे बोकड तिथे फार थोडे उरले होते. मग तिथल्या निसर्ग राखणाऱ्या संस्थेने त्यांना कुंपणात वाढवले आणि पुन्हा कड्यांवर सोडले. घळीभोवतीचे रान राखीव केले. २०११ साली युनेस्को या जागतिक संस्थेनेही त्या रानाला मान दिला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च घळीतली पाण्याची वाट लोकांना बंद असते. घळीत ऊन पडलेले असते, आभाळ निळे असते, आणि दूर डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा एकदम येतो. उघड्या बोडक्या डोंगरावर पाणी थांबत नाही. ते घसरत येते.

आता कुणी तात्या म्हणतील, "अहो, वाळवंटाचं आमास्नी काय करायचंय? आमच्यात पाऊस काय थोडा पडतो व्हय?"

नाही, थोडा नाही पडत. राधानगरी-दाजीपूरच्या रानात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस होतो. सगळा पाऊस एका जागी साठवला, तर दोन माणसे एकावर एक उभी राहिली तरी बुडतील. पण मंडळी, पाऊस पडणे वेगळे आणि पाणी राहणे वेगळे.

एप्रिल महिन्यात दाजीपूरच्या रानातल्या एखाद्या सड्यावर उभे राहून बघा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे पठार. सावराईचा सडा आहे, इदरगंजचे पठार आहे. पायाखाली तापलेला जांभा, त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या. सावलीला झाड नाही. वारा भणाणतो. वाळवंट वाळवंट म्हणतात ते याहून निराळे काय असेल, असे वाटते.

आणि तोच सडा ऑगस्टात बघावा! जिकडे तिकडे पाणी झिरपते. दगडाच्या खळग्यांत डबकी भरतात. बोटभर उंचीची रोपे फुलतात. त्यांत 'सीतेची आसवं' नावाचे निळे-जांभळे फूल असते. दिसायला नाजूक, पण ते किडे खाऊन जगते! सड्यावर माती थोडी आणि मातीत कस थोडा. म्हणून त्या रोपाने पोटाची ही तजवीज केली आहे. पाण्यातल्या बारीक किड्यांना ते आपल्या मुळासारख्या तंतूंवरच्या इवल्या पिशव्यांत पकडते.

तर हा सडा चार महिने भिजतो आणि चार महिने भाजतो. पण तो मेलेला दगड नव्हे. जांभा तुम्ही बघितला आहे. मधाच्या पोळ्यासारखी त्याला भोके असतात. पावसाचे पाणी त्या भोकांतून आत मुरते. खाली घट्ट चिकणमातीचा आणि काळ्या दगडाचा थर लागला, की ते अडते. मग ते आडवे सरकत सरकत पठाराच्या कडेला येते आणि कड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडते. म्हणजे सडा ही देवाने बांधलेली टाकी आहे. टाकी पावसाळ्यात भरते आणि उन्हाळाभर ठिबकत राहते. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले.

उरलेले अर्धे उत्तर सड्याच्या खालच्या उतारावर आहे. तिथे दाट झाडी आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, करवंदीची जाळी. या झाडीचे काम काय? ते घरी करून बघता येईल. एक घागर पाणी उघड्या बांधावर ओता. दुसरी घागर पालापाचोळा पडलेल्या बांधावर ओता. पहिल्या बांधावरून गढूळ पाणी धावत जाईल. दुसऱ्यावर ते जिरेल, आणि जे थोडे वाहील ते नितळ वाहील. झाड पावसाचा मारा आपल्या पानांवर झेलते. पाचोळा पाण्याला थोपवतो. मूळ त्याला खाली वाट करून देते. एवढेच. यात जादू नाही. पण हे काम करणारे यंत्र अजून कुणी काढलेले नाही, आणि काढले तरी ते बिनपगारी चालणार नाही.

राहिली घळ. ती कशी होते? नुसते पाणी मऊ असते. पण पुराच्या पाण्यात वाळू असते, गोटे असतात. जात्यात दाणा भरडावा तसे ते गोटे तळाचा दगड घासतात. काळ्या दगडाला भेगा असतातच. पाणी त्या भेगेत शिरते, ती रुंद करते, खोल करते. वर्षानुवर्षे हे चालते. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या रसाचा झालेला आहे. तो रस निवून दगड झाला, त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. नदीला घाई नव्हती.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात साम्रद नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ अशी एक घळ आहे. तिला सांदण दरी म्हणतात. शेकडो फूट खोल आणि काही ठिकाणी इतकी अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा दगड हाताला लागावा. तीही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. पावसाळ्यात तिथे उतरणे म्हणजे मरणाला बोलावणे. वादी मुजीबला जो नियम, तोच सांदणला.

आपल्या बाजूच्या घळी इतक्या नावाजलेल्या नाहीत. पण त्यांच्यावर आपले पोट आहे. दाजीपूरच्या रानाच्या एका अंगाला भोगावती वाहते आणि दुसऱ्या अंगाला दूधगंगा. तुमची वेदगंगा पुढे जाऊन दूधगंगेलाच मिळते. दूधगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. आणि याच डोंगराच्या पश्चिमेच्या कड्यावरून पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो. दोन थेंब शेजारी शेजारी पडतात. एक पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या.

या घळींचे मोल कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखले. डोंगराच्या दोन सोंडा जिथे जवळ येतात आणि नदी मधून निघते, तिथे भिंत घातली तर वर मोठा तलाव होईल, हे त्यांनी हेरले. भोगावतीवर धरणाचे काम त्यांनी १९०८ च्या सुमारास काढले. वसलेल्या गावाला राधानगरी हे नाव दिले, ते आपल्या लेकीच्या, राधाबाईंच्या नावावरून. पैशाअभावी काम मध्येच थांबले. १९२२ साली महाराज वारले. काम पुढे राजाराम महाराजांच्या वेळी पुन्हा सुरू झाले आणि देश स्वतंत्र झाल्यावर, १९५० नंतरच्या दशकात, पुरे झाले. एका माणसाने बी पेरले आणि फळ नातवंडांच्या पिढीने खाल्ले. त्या धरणाचे ७ दरवाजे आपोआप उघडतात. त्यांना वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पाणी ठराविक पातळीला आले, की पाण्याच्याच भाराने ते उघडतात आणि पाणी उतरले, की मिटतात. पावसाळ्यात "राधानगरीचं दार उघडलं" अशी बातमी आली, की पंचगंगेकाठची माणसे सावध होतात.

राधानगरीच्या धरणात ८.३६ टीएमसी पाणी मावते. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण आहे. त्यात २५.३९ टीएमसी मावते. वर्तमानपत्रात हा 'टीएमसी' शब्द रोज येतो, तो समजून घेऊ. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी घ्या. तिच्यात मावते ते एक घनफूट. ते सुमारे २८ लिटर भरते, म्हणजे साधारण दोन घागरी. आता २५ टीएमसी म्हणजे किती घागरी, हा हिशेब पाटीवर मांडून बघा. शून्ये मोजताना दमाल!

या दोन धरणांच्या मधले आणि वरचे रान म्हणजेच राधानगरी अभयारण्य. पूर्वी ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. गंमत बघा, शिकारीसाठी राखले म्हणून ते उरले. १९५८ साली ते दाजीपूरचे अभयारण्य झाले. तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मलेही नव्हते, मुंबई राज्य होते. आपल्या राज्यातल्या सगळ्यांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. १९८५ साली ते वाढवले. आता त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जगाचा वारसा म्हणून जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि आपले राधानगरी. पुढे २०२१ साली तुमच्या तालुक्यातलेही रान 'आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर झाले.

अभयारण्य म्हणजे काय? अभय म्हणजे भीती नसणे. जिथे जनावराला माणसाची भीती नाही ते अभयारण्य. मग कुणी काकू विचारतील, "आणि माणसाला जनावराची भीती वाटते, त्याचं काय?" काकूंचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय आम्ही इथून उठणार नाही. पण आधी त्या जनावराची ओळख करून घेऊ.

ते जनावर म्हणजे गवा. कुणी गवारेडा म्हणतात. साहेबाने त्याला 'बायसन' म्हटले आणि तेच नाव पाटीवर चढले. खरा बायसन अमेरिकेत असतो, तो निराळा. आपला गवा रेडाही नव्हे आणि बायसनही नव्हे. तो गाईबैलांच्या कुळातला आहे, पण गाय नव्हे. ईशान्येकडच्या डोंगरांत 'मिथुन' नावाचे पाळीव जनावर असते, ते याचे जवळचे भाऊबंद.

मोठ्या नराचे वजन १,००० किलोपर्यंत भरते. म्हणजे दहा क्विंटल! खांद्याशी तो माणसाएवढा उंच. अंग काळेभोर, पाठीवर मांसाचा उंच कणा. आणि चारही पायांना गुडघ्याखाली पांढरा रंग, जसे काही मोजेच घातलेत. शिंगे नराला असतात आणि मादीलाही असतात. माद्या, वासरे आणि लहान नर कळपाने राहतात. म्हातारा नर बहुधा एकटा फिरतो. डोळ्यांपेक्षा त्याचा भरवसा नाकावर. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर तुम्ही दिसायच्या आधी त्याला तुमची वर्दी लागते.

एवढे धूड, पण खाणे गवताचे. गवत, बांबूचे कोंब, झाडाचा पाला, उन्हाळ्यात साल. सकाळी आणि संध्याकाळी चरतो, दुपारी झाडीत रवंथ करीत बसतो. आपल्या बैलाचाच दिनक्रम.

आणि आजारही आपल्या बैलाचेच. हे फार महत्त्वाचे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. बुळकांडी हा रोग जुन्या लोकांना आठवत असेल. गावेच्या गावे गुरांनी ओस पडत. तो रोग पाळीव गुरांकडून रानात गेला आणि आपल्या देशात कितीतरी ठिकाणी गव्यांचे कळप बसले. लसीच्या जोरावर भारताने बुळकांडी हटवली. २००६ साली देश त्यातून मोकळा झाल्याचे जाहीर झाले आणि २०११ साली साऱ्या जगातून ती गेली. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला जनावरांचा हा पहिला रोग. पण लाळ्या-खुरकत अजून आहे. तुमची गाय रानाच्या कडेला चरते. तिच्या तोंडातली लाळ गवतावर पडते. तेच गवत संध्याकाळी गवा खातो. किंवा उलटही होते. म्हणून ज्यांचे शिवार रानाला लागून आहे, त्यांनी लाळ्या-खुरकतीची लस टोचून घेण्यात आळस करू नये. लस तुमच्या गाईला वाचवते आणि गव्यालाही वाचवते.

आता काकूंचा प्रश्न. गवा शिवारात का येतो?

आमच्या मते कारणे तीन-चार आहेत. एक कारण ऊस. धरणे झाली, पाणी आले, ऊस रानाच्या कुंपणापर्यंत पोचला. गव्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे गोड गवत. रसाळ, उंच आणि लपायला उत्तम. माणसालाच तो आवडतो, मग त्याला का आवडू नये? दुसरे कारण रानमोडी. हे परदेशी झुडूप रानात पसरले आहे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, गवाही लावत नाही. जिथे ते माजते तिथे गवत मरते. तिसरे कारण वणवा. पुष्कळांची समजूत असते, की वाळलेले गवत पेटवून दिले की नवे गवत जोमाने येते. कोवळे पाते लवकर दिसते, हे खरे. पण आगीत पाचोळा जातो, रोपटी जातात, मातीतले बी जाते. मघाशी सांगितलेले घागरीचे उदाहरण आठवा. वणव्यानंतर तो सगळा डोंगर पहिल्या बांधासारखा होतो. पाणी थांबत नाही. झरा आटतो. मग गवा पाण्यासाठी खाली येतो आणि तुमच्या विहिरीचेही पाणी खाली जाते.

चौथे कारण सड्यांची खणाई. जांभ्यातच बॉक्साइट नावाचे खनिज सापडते. त्यापासून ॲल्युमिनियम होते. तुमच्या चुलीवरचे पातेले त्याचेच. आपल्या जिल्ह्यातल्या काही सड्यांवर खाणी निघाल्या. खाणीवर माणसांना काम मिळते, हे आम्ही नाकारत नाही. पण टाकीचे झाकण काढून नेले आणि भोके बुजली, तर खालचा झरा कुणाला विचारायचा? खाण काही वर्षे चालते. झरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. गावसभेत असा विषय निघाला, तर या दोन्ही बाजू कागदावर मांडून मग बोट वर करावे.

ज्याचा उभा ऊस गव्यांनी एका रात्रीत तुडवला, त्याला रानाचे कौतुक सांगायला आम्ही जाणार नाही. त्याने कर्ज काढून लावण केली असते. रात्र रात्र माळ्यावर जागून तो राखण करतो. धरणाखालच्या सगळ्या जिल्ह्याने पाणी प्यावे आणि रानाशेजारच्या मूठभर गावांनी त्याची किंमत भरावी, हे न्यायाचे नाही. म्हणून सरकारने भरपाई ठेवली आहे. ती भीक नव्हे. ती तुमच्या हक्काची आहे.

पण रागाच्या भरात काही गोष्टी करू नयेत. कुंपणात विजेचा प्रवाह सोडू नये. त्याने गवा मरतो आणि पहाटे पाणी पाजायला गेलेला शेजारीही मरतो. तो गुन्हा आहे. वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालचा आहे आणि गव्याला त्यात कडक संरक्षण आहे. सौर कुंपण निराळे. त्याने झटका बसतो, जीव जात नाही. त्यासाठी वनखात्याच्या योजनेतून साहाय्य मिळते. आपल्या वनरक्षकाला विचारावे.

आणि गवा दिसला की गर्दी करू नये. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात, कोथरूड भागात, एक गवा चुकून शिरला. माणसे त्याच्या मागे धावली. ओरडा झाला, मोबाईल निघाले. तो बिचारा भिंतींना धडका देत तासन् तास पळत राहिला. शेवटी भुलीचे इंजेक्शन देऊन पकडला, पण तो वाचला नाही. पुढच्या वर्षी, २०२१ च्या डिसेंबरात, गवे कोल्हापूर शहराच्या कडेला आले. तेव्हा करवीर तालुक्यातल्या भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. एकदा जनावर मेले, एकदा माणूस मेला. गवा आपणहून माणसावर धावून येत नाही. त्याची वाट अडली, मागे कुत्री लागली, दगड बसला, की तो धावतो. दहा क्विंटलाचे धूड धावत आले, तर पळून सुटका नाही.

मग काय करायचे? त्याला वाट मोकळी द्यायची. तो ज्या बाजूने आला, त्या बाजूला माणसे उभी राहू द्यायची नाहीत. बहुधा तो अंधार पडल्यावर आपल्या वाटेने परत जातो. पोरांना घरात घ्यायचे, कुत्री बांधायची. पहाटे आणि तिन्हीसांजेला उसाच्या फडात एकट्याने शिरायचे नाही. बोलत, खाकरत, कंदील किंवा बॅटरी घेऊन जायचे. आणि वनखात्याला कळवायचे. त्यासाठी फोनचा आकडा आहे १९२६. चारच आकडे आहेत. खडूने दाराच्या मागे लिहून ठेवा.

पिकाचे नुकसान झाले तर दुसऱ्याच दिवशी वनखात्याच्या कचेरीत अर्ज द्यावा. उशीर करू नये, कारण पाऊस पडला की खुरांचे ठसे पुसतात आणि तुडवलेला ऊस वाळून जातो. जमले तर मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. अर्जाला सातबाराचा उतारा आणि बँकेच्या खातेपुस्तकाची नक्कल जोडावी. मग अधिकारी येतात आणि पंचनामा होतो.

पंचनामा म्हणजे पंचांच्या समोर लिहिलेली हकिकत. इथे तुमच्या अक्षरांची खरी गरज आहे. आजवर काय होत असे? कुणीतरी भराभरा लिहीत असे. "करा हितं अंगठा," असे म्हणत असे. आपण अंगठा करीत होतो. दोन एकरांचे नुकसान कागदावर वीस गुंठे झाले, तरी कळत नसे. गट नंबर चुकला, तर भरपाई महिनोन् महिने अडकून पडे. लिहिणारा लबाडच असतो असे नाही. घाईत आकडा चुकतो. पण चूक त्याची आणि तोटा आपला.

म्हणून सहीच्या आधी पाच गोष्टी बोट ठेवून वाचा. तारीख बरोबर आहे का? आपले नाव सातबारावर आहे तसेच लिहिले आहे का? गट नंबर तोच आहे का? पीक कोणते आणि किती गुंठे, हे आकड्यांतही आहे आणि अक्षरांतही आहे का? कोणत्या जनावराने नुकसान केले, ते लिहिले आहे का? अधिकारी घाईत असले तरी "साहेब, वाचून सही करतो," असे नम्रपणे सांगावे. त्याला कुणी मनाई करू शकत नाही. अडखळत वाचलेत तरी चालेल. सही झाल्यावर एक नक्कल मागून घ्यावी. ती पेटीत ठेवावी, चुलीजवळ नव्हे.

पंचनाम्याचा एक कोरा नमुना आम्ही बरोबर आणला आहे. तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेऊ. वरची पहिली ओळ गावाच्या नावाची आहे. मागच्या रांगेतल्या आक्का, ती तुम्ही वाचा. त्यानंतर 'गट नंबर' हा शब्द येतो. त्याच्यापुढची जागा मोकळी आहे. तिथे प्रत्येकाने आपापल्या सातबारावरचा आकडा पाटीवर लिहून दाखवायचा आहे.